हिरवट सीडी आणि आमचे ५८,३०० रुपये

आकडा आधी सांगतो, म्हणजे उगाच उत्सुकता नको. ५८,३०० रुपये, शाळेसाठी सॉफ्टवेअर घेण्याच्या नादात बुडालेले. त्यातले ५,००० माझ्या खिशातले, बाकी गावची लोकवर्गणी. देणगीदारांची नावं आकड्यांसकट शाळेच्या भिंतीवर ऑइलपेंटनं लिहिलेली आहेत. रोज परिपाठाला उभा राहिलो की ती माझ्याकडे बघतात.

२०१७ चा जून. त्या दिवसांत जिल्हा परिषदेच्या शाळा डिजिटल करायची लाटच होती. आमच्या केंद्रातली, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातली, प्रत्येक शाळा काही ना काही करत होती आणि आमच्याकडे नुसते दहा लॅपटॉप पडून होते. गावच्या पुण्यात नोकरी करणाऱ्या पोरांनी दिलेले, वापरलेले पण चांगले, विंडोज १० वाले. त्यात टाकायला मात्र काही नव्हतं. अशा वेळी काळी बॅग घेतलेला एक गोडबोल्या दारात आला, तर त्याला पाणी विचारणार की हाकलणार?

त्यानं इंग्रजी आणि विज्ञानाचं परदेशी बनावटीचं सॉफ्टवेअर दाखवलं. डबा झकास, त्यावर चकचकीत होलोग्राम, आत चार सीड्या. "सर, दहा मशीनचं क्लासरूम लायसन्स आहे. ओरिजिनल सीडी ड्राइव्हमध्ये असेल तरच चालतं, म्हणजे चोरी होऊच शकत नाही." आम्ही माना डोलावल्या. चोरी होऊ शकत नाही हा त्या कंपनीचा फायदा होता, आमचा नाही, हे त्या क्षणी एकाच्याही डोक्यात आलं नाही. लायसन्स ४२,५००, बसवून शिकवायचे ३,०००. "१ जुलैपासून जीएसटी लागतोय, १८ टक्के वाढतील, बघा बुवा." २८ जूनला ४५,५०० रोख मोजून दिले. पावती कच्ची. पक्कं बिल "उद्या पाठवतो". जो माणूस कराची भीती घालतो त्याच्याच पावतीवर कराचा नंबर नाही, हे मला तेव्हा का दिसलं नाही, कोण जाणे.

डेमो त्यानं स्वतःच्या लॅपटॉपवर दिला होता. विंडोज ७, इंटरनेट बंद. आमच्या मशीनवर दाखव, एवढं एक वाक्य मी बोललो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती.

तो गेला आणि पंचाईत सुरू झाली. सहा लॅपटॉपना सीडी ड्राइव्हच नव्हता. बाहेरून जोडायचा एक आणला, १,४५०. बरं, संच एकच. म्हणजे लायसन्स कागदावर दहाचं आणि प्रत्येक मशीन उघडताना मागणार तीच सीडी. ती पालखीसारखी वर्गभर फिरवायची. पण तेवढीही वेळ आली नाही, कारण एकाही मशीनवर ते सुरूच झालं नाही. डबल क्लिक केलं की वर्तुळ फिरायचं आणि गप्प.

कारण मला पुढं कळलं, तुम्ही आधीच माहीत करून घ्या. जुन्या सीड्यांना सेफडिस्क नावाचं कुलूप असायचं. सीडीवर मुद्दाम खराब जागा ठेवलेल्या, ज्या साध्या बर्नरला, म्हणजे सीडीवर नक्कल उतरवणाऱ्या ड्राइव्हला, जशाच्या तशा उतरवता येत नाहीत. त्या तपासायला विंडोजमध्ये एक ड्रायव्हर, म्हणजे एक छोटा प्रोग्रॅम, लागतो. त्या ड्रायव्हरमध्ये सुरक्षेचं भोक होतं, म्हणून मायक्रोसॉफ्टनं २०१५ मध्ये विंडोज १० आणताना तो घेतलाच नाही, आणि त्याच सप्टेंबरच्या अपडेटनं जुन्या विंडोजमध्येही बंद केला. थोडक्यात, अस्सल सीडी, अस्सल डबा, आणि दोन वर्षांपूर्वीच मेलेला माल. त्या गोडबोल्याला हे पक्कं ठाऊक होतं. नाहीतर डेमोला नेट का बंद ठेवलं असतं?

फोन केला तर गडी तिसऱ्या दिवशी हजर. "सर, विंडोज १० साठी वेगळ्या क्लासरूम सीड्या येतात. ६५० ला एक. दहावी फ्री." नऊचे ५,८५० झाले.

आता खरी लाज सांगतो. त्यातली पहिली सीडी मी उलटी करून खिडकीच्या उजेडात धरली. खालची बाजू हिरवट होती. कंपनीतून छापून आलेली सीडी खालून चांदीसारखी असते. हिरवट, निळसर असते ती कोरी, दहा-बारा रुपयांना मिळणारी, घरी बर्न केलेली. हे मला माहीत होतं हो! भावाच्या लग्नाच्या अशा पन्नास सीड्या मी स्वतः वाटल्यात. त्यावर त्याचा पोऱ्या म्हणाला, "सर, अँटीव्हायरस बंद करतो, ते उगाच ओरडतं." आणि मी मान हलवली. हिरवट सीडी हातात, अँटीव्हायरस बंद होताना डोळ्यांसमोर, तरी मी मान हलवली. का? दारात सरपंच उभे होते, पोरं खिडकीला लटकलेली, १५ ऑगस्टच्या उद्घाटनाची पत्रिका छापायला गेलेली. अशा वेळी "थांबा" म्हणायला जिगर लागते. माझ्यात ती नव्हती. तुमच्यात असती? असेल तर चांगलंच आहे.

अकरा दिवस चाललं. मग व्हायरसनं पेनड्राइव्हमधल्या फोल्डरांचे शॉर्टकट व्हायला लागले, मार्कांची एक्सेल फाईल उघडेना. पुन्हा फोन. "सर, रिन्यूअल संपलंय, २,५०० पाठवा, इथूनच चालू करतो." पाठवले. इथं मला मूर्ख म्हणा, हरकत नाही. ४५ हजार बुडू नयेत म्हणून माणूस अडीच हजार टाकतोच. दुसऱ्या दिवसापासून फोन बंद. तालुक्याच्या पोरानं दहा मशीन फॉरमॅट करायचे ३,००० घेतले. १५ ऑगस्टला सरपंचांनी फीत कापली आणि मी पेनड्राइव्हवरचा सूर्यमालेचा व्हिडिओ लावून वेळ मारून नेली.

पोलीस ठाण्यात गेलो. "माल दिला ना त्यानं? मग ही दिवाणी बाब." मी हिरवट सीडी पुढं ठेवली, तर हवालदार साहेबांचा चेहरा खुलला. "म्हणजे पायरेटेड सॉफ्टवेअर शाळेनं वापरलं?" आता कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ ब मध्ये जाणूनबुजून अशी प्रत वापरणाऱ्याला शिक्षा आहे, हे खरं. पण ज्यानं ४२,५०० देऊन लायसन्स घेतलं तो चोर, आणि ज्यानं बर्न करून विकली तो फक्त दिवाणी? त्याच कायद्याचं कलम ५२ म्हणतं की रीतसर घेतलेल्या सॉफ्टवेअरची बॅकअप प्रत तुम्ही ठेवू शकता. कायदा ठेव म्हणतो, सीडीचं कुलूप ठेवू देत नाही, आणि या कात्रीत बसून लुटारू ६५० ला एक विकतो. हे ऐकायला तिथं कुणाला वेळ नव्हता. अर्जाची पोचसुद्धा मिळाली नाही. पोच घेतल्याशिवाय हलू नका, बसून राहा.

गटशिक्षण कार्यालय त्याहून वरचढ. "लोकवर्गणीतून घेतलं ना? मग आमचा काय संबंध?" संबंध नाही म्हणाले आणि पंधरा दिवसांत मलाच खुलासा मागितला! व्यवस्थापन समितीचा ठराव कुठाय, तीन दरपत्रकं कुठायत. उद्घाटनाच्या फोटोत मात्र हेच साहेब मधोमध. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर माझी फाईल दोन वर्षं फिरली, आणि शेवटी ग्राहक मंचाची वाट धरली तेव्हा वकील म्हणाले, तक्रारीला दोनच वर्षांची मुदत असते, गुरुजी, तुमची गेली. चांगल्या शब्दांत सांगितलं, त्यांचं काही चुकलं नाही. शिवाय पुरावा काय, तर कच्ची पावती.

गेल्या आठवड्यात शेजारच्या केंद्रातल्या एका गुरुजींचा फोन आला. कुणीतरी आलंय, पेनड्राइव्हवर सगळ्या इयत्तांचा अभ्यासक्रम देतोय, आजीवन लायसन्स, महिनाअखेरपर्यंतच सवलत. मी विचारलं, डेमो कुणाच्या मशीनवर दिला?

"त्याच्याच."

पक्कं बिल?

"उद्या पाठवतो म्हणालाय. बसलाय अजून, चहा सांगितलाय."

चहा लांबवा म्हणालो आणि गाडी काढली. त्या दहा हिरवट सीड्या अजून डिकीतच असतात.