सनस्क्रीन आणि सनकोट: चोपड्याच्या उन्हात तिन्ही ऋतू वापरून

निकाल आधीच सांगते. दिवसभर बाहेर काम असणाऱ्यांनी सनस्क्रीन लावायलाच हवं, पण टोपी आणि घट्ट विणीचा कपडा त्याच्याही आधी. आणि हे सगळं पावसाळ्यात सोडायचं नाही. आपल्या खानदेशात उष्मा वाढला की तोंड बांधतात आणि हवा गार झाली की रुमाल सुटतो. त्वचा मात्र उष्म्याने नाही, मुख्यतः अतिनील किरणांनी म्हातारी होते. ते किरण अंगाला गरम लागत नाहीत, म्हणून तर फसगत होते.

माझी नोकरी चोपडा तालुक्यात शेतीच्या पाहणीची. केळी, कापूस, हरभरा, जे शिवारात असेल ते. प्रवास स्कूटीवर. वय पंचेचाळिशीच्या पुढे, दोन्ही गालांवर वांग. आखाजीला माहेरी गेले तेव्हा बहिणीने जळगावला त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, “ताई, डागांचं नंतर बघू, आधी ऊन थांबवा.” मग त्यांनी मला दंडाची काखेकडची बाजू आणि मनगटाची वरची बाजू शेजारी धरून बघायला सांगितली. आत मऊ, एकसारख्या रंगाची कातडी. बाहेर खरखरीत, पातळ रेषांची, मधूनमधून तपकिरी ठिपके. दोन्हींचं वय तेच. मधला फरक तेवढा उन्हाचा.

जमिनीपर्यंत पोचणाऱ्या अतिनील किरणांपैकी सुमारे ९५ टक्के यूव्हीए असतात, उरलेले यूव्हीबी. कातडी लाल होते, भाजते ती मुख्यतः यूव्हीबीने. यूव्हीए खोल जातात, कातडीच्या आतल्या थरापर्यंत. तिथे कोलेजनचे धागे कातडीला ताठ ठेवतात. उन्हामुळे हे धागे तोडणारी विकरं (एन्झाइम) वाढतात. शरीर दुरुस्ती करतं, पण दर वेळी थोडी कसर राहते, आणि ती वर्षानुवर्षं साठत जाते. कातडीला लवचीक ठेवणारे इलास्टिनचे धागे तर नीट तुटतही नाहीत, त्यांचा बिघडलेला गोळा तिथेच साचतो. त्यामुळे कातडी जाड, पिवळसर, चरे पडलेली दिसते. रंग तयार करणाऱ्या पेशीही काही ठिकाणी जास्त काम करू लागतात. आपल्या गव्हाळ-सावळ्या रंगात मेलॅनिनमुळे, म्हणजे कातडीला रंग देणाऱ्या द्रव्यामुळे, सुरकुत्या उशिरा येतात हे खरं, पण डाग आणि वांग आधी येतात. ‘काळ्याला ऊन लागत नाही’ असं गावात सर्रास म्हणतात, ते म्हणूनच चुकीचं आहे.

माझ्या आबांची मान बघितली की हे सगळं पुस्तकाविना कळतं. उभं आयुष्य कापसात वाकून गेलं. डोक्यावर टोपी, पण मान उघडी. मानेच्या मागे खोल रेषा एकमेकींना छेदून जातात, मधे शंकरपाळ्याच्या आकाराचे चौकोन पडलेत, कातडी बोटाला जाड लागते. सदऱ्याची कॉलर जिथे सुरू होते तिथे त्या रेषा थांबतात. खाली, बंडीच्या आत, ऐंशीकडे झुकलेल्या माणसाची पाठ अजून गुळगुळीत आहे. शेतात आणि समुद्रावर काम करणाऱ्यांमध्ये मानेचा हा प्रकार इतका ठरलेला आहे की त्वचाशास्त्रात त्याला वेगळं नाव आहे.

दुसरं उदाहरण माझ्या दिराचं. सावद्याहून केळीचा ट्रक उत्तरेकडे नेणारे. त्यांचा उजवा गाल आणि उजवा हात डाव्यापेक्षा ठळकपणे वेगळा आहे, कारण आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो आणि खिडकी त्याच बाजूला. अमेरिकेतल्या एका ६९ वर्षांच्या मालवाहू गाडीच्या चालकाचा फोटो २०१२ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आला होता. २८ वर्षं गाडी चालवलेली, चेहऱ्याची डावी बाजू जाड आणि सुरकुतलेली, उजवी बरीच तरुण. तिकडे चालक डावीकडे बसतो. साधी काच यूव्हीबी बऱ्यापैकी अडवते, यूव्हीए मात्र आत येऊ देते. समोरची काच दोन थरांची असल्याने बरीच राखण करते, बाजूची तेवढी नाही. दीर तर काच खालीच ठेवतात. आता त्यांच्यासाठी उजव्या हाताला चढवायची बाही घेतली आहे.

आता वापराचं.

चेहऱ्यासाठी एसपीएफ ५०, पीए चार प्लस. एसपीएफ हा मुख्यतः यूव्हीबीचा आकडा, यूव्हीएसाठी पीएचे प्लस बघायचे. एसपीएफ ३० साधारण ९७ टक्के यूव्हीबी अडवतो, ५० साधारण ९८, म्हणजे आकड्यामागे फार धावण्यात अर्थ नाही. पण हे आकडे प्रयोगशाळेत दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम एवढा थर देऊन काढलेले असतात. आपण त्याच्या निम्मं-पाव लावतो आणि मग क्रीमला नावं ठेवतो. चेहरा आणि मान मिळून तर्जनी आणि मधलं बोट यांच्या लांबीएवढ्या दोन रेघा, म्हणजे सव्वा ग्रॅमच्या आसपास. या हिशोबाने ५० ग्रॅमची ट्यूब दिवसातून दोनदा लावली तर वीसेक दिवस पुरते. कुणाची ट्यूब चार महिने पुरत असेल तर ती लावली न लावल्यासारखीच आहे. खर्च मोठा आहे, यात शंका नाही. म्हणूनच म्हणते, जेवढं अंग कपड्याने झाकेल तेवढं झाका आणि क्रीम उरलेल्या भागापुरती ठेवा.

तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या ट्यूब वापरून झाल्या. फरक नावापेक्षा प्रकारात जास्त जाणवला. घट्ट क्रीम मे महिन्यात अजिबात चालली नाही. घामाबरोबर डोळ्यांत उतरायची आणि कपाशीत वखर चालू असला की धुळीचा थर चेहऱ्यावर बसायचा. जेल लवकर जिरतं, उन्हाळ्यात तेच बरं, पण पुन्हा लावावं लागतं. झिंक ऑक्साइडची क्रीम डोळ्यांना झोंबत नाही, फक्त आपल्या रंगावर राखाडी दिसते. शेवटी डॉक्टरांनी रंगाची, म्हणजे आयर्न ऑक्साइड असलेली दिली. सूर्याचा डोळ्यांना दिसणारा उजेडसुद्धा आपल्या रंगाच्या कातडीवर डाग गडद करतो आणि साधं सनस्क्रीन तो अडवत नाही, आयर्न ऑक्साइड अडवतं. वांग असणाऱ्या प्रत्येक बाईला मी हीच सांगते. तोटा एवढाच की ओढणीला डाग पडतात.

दर दोन तासांनी लावा म्हणतात. केळीच्या बागेत चिकाने काळे झालेले हात घेऊन ते जमत नाही. मी घरून निघताना लावते आणि दुपारी डबा खाण्याआधी हात-तोंड धुऊन पुन्हा. मधली उणीव टोपी भरून काढते.

कपड्याविषयी जास्त सांगायला हवं, कारण दुकानात कुणी सांगत नाही. पातळ पांढऱ्या सुती कपड्यातून बरेच किरण आरपार जातात, आणि तो घामाने ओला झाला की आणखी. जॉर्जेटची जाळीदार ओढणी तोंडाला गुंडाळली की धूळ अडते, ऊन फारसं नाही. कापड उजेडासमोर धरून बघायचं. पलीकडचं दिसलं तर उपयोग नाही. मी गडद निळ्या रंगाचा, घट्ट विणीचा सुती सनकोट शिवून घेतला, बाह्या पंजाच्या मागपर्यंत येतील एवढ्या लांब. तयार सनकोट बहुतेक मनगटावर संपतात आणि स्कूटीचं हँडल धरलं की वर सरकतात, मग ऊन बरोबर पंजावर. शिंप्याने अंगठ्यासाठी काज करून दिलं, तेव्हापासून बाही सरकत नाही. शिवारात गेल्यावर चारही बाजूंनी काठ असलेली टोपी. क्रिकेटवाल्या टोपीने कान आणि मान उघडे राहतात.

पावसाळ्यात लोकांनी फार टोकलं. आभाळ भरून आलेलं, मी टोपी घालून कपाशीत. बांधावर निंदणाऱ्या मावशी म्हणाल्या, “आते कोठे शे ऊन?” त्यांना मी सावल्यांचं सांगितलं. आपण साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर. मेच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते, आणि जुलैच्या मध्यात तो परत एकदा डोक्यावर येतो. म्हणजे ऐन पावसाळ्यात, निंदणी-खुरपणीच्या दिवसांत, सूर्य मेएवढाच उंच असतो. पातळ ढगांतून ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण येऊ शकतात. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तोवर झाकून राहायचं, हे त्यांना लगेच पटलं. आता त्यांच्यातल्या दोघी-तिघी जुना सदरा चढवून येतात, त्याचा मला मनापासून आनंद आहे.

परिणाम काय झाला? वांग दिवाळीपर्यंत निम्म्याने फिकं झालं, गेलं नाही. मनगटावरचे ठिपके आहेत तसेच आहेत, नवे आलेले दिसत नाहीत. डोळ्यांजवळच्या सुरकुत्या कमी झाल्या नाहीत आणि क्रीमकडून ती अपेक्षाही नको. तिचं काम पुढचं नुकसान कमी करण्याचं आहे. त्याला आधार चांगला आहे. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडमधल्या नॅम्बोर गावात ९०३ प्रौढांवर साडेचार वर्षं अभ्यास झाला, तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांमध्ये त्वचा म्हातारी होण्याचं प्रमाण, मनाला येईल तेव्हा लावणाऱ्यांपेक्षा २४ टक्के कमी निघालं. ते सगळे ५५ च्या आतले होते, म्हणजे मधल्या वयात सुरू केलं तरी फायदा होतो.

एका गोष्टीचा मात्र राग येतो. डाग घालवायला म्हणून मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय स्टेरॉइड असलेल्या गोरेपणाच्या क्रीम आणून बाया महिनोन्‌महिने लावतात. आठ दिवसांत चेहरा उजळतो, पुढे कातडी पातळ होते, लाल होते, केस येतात, आणि क्रीम सोडली की आग होते. त्यावर ऊन म्हणजे दुहेरी मार. डागांसाठी खरी औषधं आहेत, पण ती डॉक्टरांच्या नजरेखालीच घ्यावीत. तसंच उन्हाच्या जागी महिनाभर न भरणारी जखम किंवा वाढत जाणारा तीळ दिसला तर थांबू नका. आपल्या रंगात त्वचेचा कर्करोग कमी आढळतो, पण होतच नाही असं नाही.

नवीन घेणाऱ्यांनी आधी टोपी आणि पूर्ण बाहीचा कपडा घ्यावा, मग ट्यूब. कान, मान आणि पंजे सोडू नयेत. ट्यूब स्कूटीच्या डिक्कीत ठेवू नका. उन्हात उभ्या गाडीची डिक्की इतकी तापते की क्रीम फाटून पाणी वेगळं होतं, आणि तशी ट्यूब चेहऱ्यावर सारखी पसरत नाही. मी ती डब्याच्या पिशवीत, पाण्याच्या बाटलीला लावून ठेवते.