१००० वॅटचा टाकी-टाइप कूलंट हीटर: थंडीत डिझेल इंजिन लावायला कितपत कामाचा?

निकाल आधीच सांगून टाकतो. जिथे पारा उणे १० अंशांखाली जातो, इंजिन रात्रभर उघड्यावर असतं आणि हाताशी विजेचा पॉइंट आहे, तिथे हा हीटर जरूर बसवावा. पण त्याचं निम्मं काम पाइप कसे फिरवले आहेत यावर चालतं. चुकीच्या उंचीवर बसवला तर उत्तम हीटरही तासाभरात स्वतःला जाळून घेतो.

इथे पाहतोय तो प्रकार असा: तळहाताएवढी धातूची छोटी टाकी, आत १००० वॅटचा एलिमेंट, सोबत साधारण ३८ अंशांना चालू आणि ४९ अंशांना बंद होणारा थर्मोस्टॅट. खालून थंड कूलंट (इंजिन गार ठेवणारं, न गोठणारं पाणी) आत येतो, तापून हलका होतो आणि वरच्या तोंडातून इंजिनात चढतो. पंप नाही. चार ते सहा लिटरच्या इंजिनांना, म्हणजे मध्यम ट्रक, ट्रॅक्टर आणि जनरेटर सेटना ही ताकद बरोबर बसते. दोन लिटरच्या गाडीला ५०० वॅट पुरतात.

डिझेल इंजिनात स्पार्क नसतो. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच इंधन पेटतं. हवा दाबण्यापूर्वी एका अंशाने जास्त गरम असेल, तर पिस्टन वर पोहोचेपर्यंत तो फरक दोन अंशांहून मोठा होतो. बर्फासारख्या गार सिलिंडरच्या भिंती ही उष्णता शोषून घेतात. त्यात ऑइल घट्ट झाल्यामुळे सेल्फ हळू फिरतो, हवेला रिंगांच्या फटीतून निसटायला जास्त वेळ मिळतो आणि दाबही कमी पडतो. ग्लो प्लग, म्हणजे सिलिंडरमधल्या विजेवर तापणाऱ्या कांड्या, ज्वलनकक्षातला एक बिंदू तापवतात, भिंती तापवत नाहीत. भिंतींचं काम हा हीटर करतो, म्हणूनच इंजिन लागल्यावरचा पांढरा धूर, म्हणजे न जळलेलं डिझेल, एकदम कमी होतो.

याच कामासाठी बाजारात आणखी तीन प्रकार मिळतात. ब्लॉकच्या वेल्च प्लगच्या (भोक बुजवणाऱ्या पत्र्याच्या टोपीच्या) जागी बसणारा एलिमेंट स्वस्त आणि आटोपशीर असतो. पण त्याचा वळसा आतल्या कास्टिंगला टेकला तर तो तिथेच जळतो, आणि ओ-रिंग सैल पडली की कूलंट गळतो. रेडिएटरच्या खालच्या होजमध्ये बसवायचा प्रकार सोपा आहे, पण त्याची बरीच उष्णता ब्लॉकपर्यंत न पोहोचता वाया जाते. ऑइल चेंबरला चिकटवायचा सिलिकॉन पॅड मात्र वेगळी गोष्ट आहे. तो या हीटरची जागा घेत नाही, त्याच्या जोडीला शोभतो. टाकी-टाइपमध्ये कूलंट खरोखर फिरतो, त्यामुळे हेडपासून ब्लॉकच्या तळापर्यंत उष्णता बऱ्यापैकी सारखी पसरते. माझी पसंती त्यालाच आहे.

आता फिटिंग, कारण खरी गोम इथेच आहे. टाकीची जागा इंजिनाच्या वॉटर जॅकेटच्या (सिलिंडरभोवतीच्या कूलंटच्या पोकळीच्या) तळाला किंवा त्याहून खाली असावी, आणि बाहेर जाणारं तोंड वरच्या दिशेला. आत येणारा होज ब्लॉकच्या कूलंट-ड्रेनच्या बुचाच्या जागेवरून घ्यायचा. बाहेर जाणारा होज हेडच्या मागच्या टोकाला किंवा इंजिनाच्या थर्मोस्टॅट हाउसिंगजवळच्या उंच जागी न्यायचा. दोन्ही होज १६ मिलिमीटर आतल्या व्यासाचे आणि जमतील तितके आखूड हवेत. बाहेर जाणारा होज टाकीपासून इंजिनापर्यंत सतत चढता असला पाहिजे. मध्ये कुठे तो खाली झोळ खाऊन पुन्हा वर गेला, तर त्या उंचवट्यावर हवा अडकते आणि प्रवाह थांबतो. पंप नसल्यामुळे हा एअर लॉक ढकलणारं काहीच नसतं. केबिन हीटरच्या लाइनमध्ये जोडायचा मोह टाळावा, कारण तिथला कॉक बंद असला की सगळंच बंद.

टाकी थेट इंजिनावर आवळू नये. डिझेलची थरथर एलिमेंटला मोडते, म्हणून चासीवर किंवा रबर बुश घालून ब्रॅकेटवर बसवावी. थ्रेडवर पेस्ट सीलंट वापरावं. टेफ्लॉन टेपचे तुकडे सुटून टाकीच्या तोंडाशी असलेल्या चेक व्हॉल्व्हमध्ये अडकतात. सोबत येणाऱ्या साध्या वर्म-क्लिप (स्क्रूने आवळायच्या पट्ट्या) मला पुरेशा वाटत नाहीत. थंडीत रबर आक्रसतं आणि सकाळी होजच्या टोकाशी थेंब दिसतात. स्प्रिंगची, एकसारखा दाब ठेवणारी क्लिप वेगळी घेऊन लावावी. जनरेटरवर दोन्ही बाजूंना पूर्ण भोकाचे बॉल व्हॉल्व्ह दिले तर पुढे एलिमेंट बदलताना सगळा कूलंट काढावा लागत नाही. व्हॉल्व्ह बंद असताना वीज मात्र चालू राहू देऊ नये.

कूलंट भरून लगेच प्लग लावणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. आधी इंजिन चालवून त्याचा स्वतःचा थर्मोस्टॅट उघडेपर्यंत तापवा, केबिन हीटर पूर्ण उघडा ठेवा, थंड झाल्यावर पातळी पुन्हा भरा, मगच वीज द्या. कोरडा एलिमेंट काही मिनिटांत जळतो. पहिल्या वापरात अर्ध्या तासाने दोन्ही होज हाताने पाहा. बाहेर जाणारा चांगला गरम आणि आत येणारा कोमट होत चाललेला असेल तर प्रवाह ठीक आहे. एक होज चटका देणारा, दुसरा बर्फगार आणि हीटरचा थर्मोस्टॅट दर दोन-चार मिनिटांनी टक् टक् करतोय, असं असेल तर हवा अडकली आहे. लगेच प्लग काढा. गार इंजिनावर पहिला तासभर हीटर सलग चालू राहिला पाहिजे.

कूलंटचं मिश्रण निम्मं ग्लायकॉल, निम्मं शुद्ध केलेलं पाणी असावं. ते सुमारे उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. ग्लायकॉल जास्त घातलं की जास्त संरक्षण, ही समजूत चुकीची आहे. शुद्ध इथिलिन ग्लायकॉल उणे १३ अंशांच्या आसपासच गोठतं, आणि ६० टक्क्यांच्या वर गेलं की ते उष्णताही नीट वाहून नेत नाही. नळाच्या पाण्याने एलिमेंटवर क्षार चढतात. गळती बुजवणारी पावडर टाकलेल्या इंजिनावर हा हीटर बसवू नये, आधी सिस्टिम धुवून घ्यावी.

किती वेळ लावायचा? ढोबळ हिशेब करू. २०० किलोचं लोखंडी इंजिन, १२ लिटर कूलंट आणि १० लिटर ऑइल मिळून एका अंशासाठी अंदाजे १५० किलोज्युल उष्णता लागते. १००० वॅटचा हीटर तासाला ३६०० किलोज्युल देतो, म्हणजे काहीच वाया गेलं नाही तर तासाला २४ अंश. प्रत्यक्षात वारा आणि उघडं बॉनेट बरंच खातात. तरी उणे १५ अंशांत दोन ते तीन तास पुरतात, त्याहून कडक थंडीत चार. पुढे जितकी उष्णता आत जाते जवळपास तितकीच बाहेर निघते. रात्रभर लावून ठेवल्यास थर्मोस्टॅट अधूनमधून बंद होत नसेल तर दहा तासांत दहा युनिट जळतात, टायमरने तीन तासांत तीन. टायमर वेगळा घ्यावा लागतो, आणि तो घ्यावाच. हीटर सुमारे साडेचार अँपिअर घेतो, त्यामुळे १.५ चौरस मिलिमीटरची बाहेर वापरायची रबरी केबल, नीट अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा गळती-रक्षक स्विच हवा. गुंडाळलेलं एक्स्टेंशन तसंच ठेवून वापरलं तर ते आतून वितळतं.

या हीटरकडून काय अपेक्षा ठेवू नये, हेही स्पष्ट हवं. बॅटरी त्याने गरम होत नाही. उणे १८ अंशांना लेड-अॅसिड बॅटरीची ताकद जवळपास निम्म्यावर येते. बॅटरीवर लिहिलेला सीसीए आकडा (थंडीत सेल्फला देता येणारा करंट) याच तापमानाला मोजलेला असतो, म्हणून इंजिनाच्या मॅन्युअलशी तोच जुळवून पाहावा. चेंबरमधलं ऑइलही फारसं तापत नाही. ऑइलचा घट्टपणा ठरवणाऱ्या एसएईच्या प्रमाणात १५डब्ल्यू ऑइल सेल्फच्या दृष्टीने उणे २० अंशांपर्यंतच तपासलेलं असतं, ५डब्ल्यू उणे ३० पर्यंत. कंपनी परवानगी देत असेल तर थंडीपुरतं ५डब्ल्यू-४० घालणं हा हीटरच्या बरोबरीचा उपाय आहे. आणि डिझेलमधलं मेण गोठून फिल्टर चोंदला असेल तर गरम ब्लॉकचा काहीही उपयोग नाही. तिथे हिवाळी डिझेलच लागतं. मेण रोखणारं अॅडिटिव्ह डिझेल गढूळ व्हायच्या आधी घालायचं असतं, नंतर घातलं तर गोठलेलं मेण विरघळत नाही. कॉमन रेल (एका सामाईक नळीतून जास्त दाबाने डिझेल फवारणाऱ्या) इंजिनात पेट्रोल किंवा रॉकेल मिसळू नये, हाय-प्रेशर पंपाचं वंगण जातं. फिल्टरखालचं पाणी मात्र आदल्या संध्याकाळीच काढा, सकाळी त्याचा बर्फ झालेला असतो.

हीटर लावलेल्या इंजिनालाही सुरू करण्याची रीत सोडू नये. आधी प्लग काढा. चावी फिरवून ग्लो प्लगचा दिवा विझू द्या, क्लच पूर्ण दाबा, म्हणजे गिअरबॉक्समधलं घट्ट ऑइल सेल्फला ओढावं लागत नाही. एका वेळी १५ सेकंदांहून जास्त सेल्फ मारू नका, आणि दोन मिनिटं थांबून पुन्हा मारा. ग्लो प्लग किंवा इनटेक हीटर (आत जाणारी हवा तापवणारा) असलेल्या इंजिनात ईथरचा, म्हणजे चटकन पेटणाऱ्या स्टार्टिंग स्प्रेचा, फवारा मारू नये. तो वेळेआधी पेटून पिस्टन आणि रिंगा फोडतो.

इंजिन लागलं की ऑइलचा दाब वर येईपर्यंत रेस देऊ नये. टर्बोच्या बेअरिंगला ऑइल पोहोचायला अर्धा ते एक मिनिट द्या. मग तीन ते पाच मिनिटं १००० ते १२०० आरपीएम पुरे. वीस मिनिटं आयडलवर ठेवायची सवय वाईट आहे. हलक्या लोडवर सिलिंडर तापत नाही, न जळलेलं डिझेल भिंतींवरचं ऑइल धुऊन चेंबरमध्ये उतरतं आणि काजळी ईजीआर (धूर पुन्हा इंजिनात फिरवणारी वाट) व डीपीएफमध्ये (काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये) साचते. हलक्या लोडवर गाडी चालवत तापवणं जास्त लवकर होतं, फक्त तापमानाचा काटा वर येईपर्यंत चढाला जोर लावू नये.

हीटर बंद पडल्याची शंका आली तर प्लग काढून मल्टिमीटर लावा. २३० व्होल्टच्या १००० वॅट एलिमेंटचा रोध सुमारे ५३ ओहम येतो, पण थर्मोस्टॅट बंद झालेला नसताना, म्हणजे इंजिन गार असताना मोजा. आकडाच आला नाही तर एलिमेंट किंवा थर्मोस्टॅट गेला. आकडा बरोबर आणि तरी गळती-रक्षक पडत असेल, तर पिन आणि अर्थ यांमधला इन्शुलेशन रोध तपासा. प्लगच्या तोंडाशी साचलेला मिठाचा चिखल हे त्याचं नेहमीचं कारण. प्लगला झाकण लावलं आणि पिनांना डायइलेक्ट्रिक ग्रीस चोपडलं की तो प्रश्न मिटतो.

जनरेटरवर बसवताना आणखी एक जोड लागते: ऑइल प्रेशर स्विचवरून चालणारा रिले, म्हणजे इंजिन सुरू झालं की हीटर आपोआप सुटतो. ज्यांच्याकडे वीजच नाही, त्यांनी डिझेलवर चालणारा, स्वतःचा पंप असलेला कूलंट हीटर पाहावा. तो बॅटरीवर चालतो, महाग असतो आणि त्याच्या बर्नरची वर्षातून एकदा साफसफाई करावी लागते.