चेन ट्रेंचरचे आठ महिने आणि ती मागची पट्टी

गुरुवारी सकाळी चर खोदताना माझ्या चेन ट्रेंचरमधून, म्हणजे दातेरी चेनने अरुंद चर कापणाऱ्या मशीनमधून, ‘कडाक’ असा आवाज आला, चेन जागच्या जागी अडकली आणि बेल्ट जळाल्याचा वास सुटला. लिव्हर सोडला, इंजिन बंद केलं, बूम (ज्यावर चेन फिरते तो लांब दांडा) वर घेतला. मागची माती ओढायची पट्टी चेनमध्ये शिरून वाकली होती. तीन दात उडाले होते, एक कडी ताणली गेली होती. कारण काय, तर पट्टीचा एकुलता एक बोल्ट तुटला. सर्व्हिसवाल्याला फोन केला, तर तो म्हणाला, “ताई, चेन आणि पट्टी झिजणाऱ्या भागांत येतात, वॉरंटीत बसत नाहीत.” झिजणं वेगळं आणि तुटणं वेगळं, हे मी त्याला तीन फोनांत समजावलं. उपयोग झाला नाही. आठ महिन्यांत या मशीनवर सुमारे ११०० मीटर पाइपलाइनचा चर काढलाय, तेव्हा आता सगळंच लिहिते.

मशीन मागे सरकत चालवायचं पेट्रोल ट्रेंचर आहे, १३ एचपीचं, १५ सेंटिमीटर रुंद चर काढणारं. बाकीचे कागदावरचे आकडे घेणाऱ्याने वाचलेलेच असतात. बूम ९० सेंटिमीटरपर्यंत जातो, मी ७५ वर काम केलं. आमच्याकडे नांगराचा फाळ तिथवर पोचत नाही आणि त्या पट्ट्यावरून जड गाडी जात नाही. गाडी जाणार असेल किंवा जमीन गोठत असेल, तर खोलीचा हिशोब वेगळा धरावा लागतो.

आधी बॅकहो लोडरच बोलवायचं ठरत होतं. पण त्याची नेहमीची बकेट साधारण ६० सेंटिमीटर रुंद. १०० मीटर लांब आणि ७५ सेंटिमीटर खोल चर त्या रुंदीने काढला, तर ४५ घनमीटर माती निघते. १५ सेंटिमीटरच्या चरातून निघते सव्वाअकरा. खोदलेली माती फुगते ती वेगळीच. ६३ मिलिमीटरचा पाइप पुरायला चौपट माती उकरायची, परत ढकलायची, दाबायची आणि पुढे दोन पावसाळे तो पट्टा खचत राहणार, हे मला पटेना. एका दिवसाचं भाडं पाहिलं तर बॅकहो स्वस्त पडतो. माती परत भरण्याची मजुरी धरली की पडत नाही.

भुसभुशीत, थोडी ओल असलेल्या जमिनीत हे मशीन झकास चालतं. तासाला ४० मीटर सहज. चराच्या कडा सुरीने कापल्यासारख्या सरळ, माती एका बाजूला रांगेत पडलेली. पहिल्या दिवशी मी चार वेळा मागे वळून तो चर पाहिला, इतकं बरं वाटलं.

मग पट्टीचा त्रास सुरू झाला.

ज्यांनी ट्रेंचर जवळून पाहिलेला नाही त्यांच्यासाठी: चेन माती कापून वर आणते, वरचा फिरता, मळसूत्रासारखा स्क्रू ती बाजूला टाकतो. थोडी माती मात्र परत चरात पडते. बूमच्या मागून तळाशी एक लोखंडी पट्टी घासत येते आणि ती सुटी माती पुन्हा चेनच्या तोंडी देते. माहितीपुस्तिकेत तिला क्रंबर म्हटलंय. किंमत आणि वजन पाहिलं तर मशीनचा हा सगळ्यात किरकोळ भाग. पण चराचा तळ कसा होणार हे त्याच्यावरच ठरतं, आणि पाइप तळावरच बसतो.

दुसऱ्या आठवड्यात मी वेताच्या काठीवर सेंटिमीटरच्या खुणा केल्या आणि दर दोन मीटरवर ती चरात सोडून पाहिली. बूम ७५ वर असताना काठी दाखवायची ६८, ६५, ७१, ६४. जोर लावला की ती भस्सकन ७५ पर्यंत आत जायची. म्हणजे तळाशी चार ते अकरा सेंटिमीटर मोकळ्या मातीची गादी, तीही कुठे जाड, कुठे पातळ. अशा तळावर पाइप ठेवून वर माती लोटली की तो जागोजागी वेगवेगळा खचतो. जोडांवर ताण येतो, आणि मध्ये उंचवटा राहिला की तिथे हवा कोंडते. पहिल्या १२० मीटरच्या लाइनीत नेमकं हेच झालं. पंप सुरू केला की टोकाला पाणी थुंकत यायचं. फस्स, पाणी, फस्स, पाणी. लेव्हलची नळी लावून उंचवटा शोधला, सहा मीटर हाताने उकरलं आणि तळ सारखा केला, तेव्हा कुठे धार सलग झाली.

चार महिने मी सगळा दोष पट्टीच्या बनावटीला दिला. एक महिना तर ती काढूनच ठेवली आणि लांब दांड्याच्या अरुंद फावड्याने तळ साफ केला. ११० मीटरला दोन माणसांचा दीड दिवस गेला.

इथे माझं मत थोडं बदलावं लागलं. पाचव्या महिन्यात चेन ढिली पडली म्हणून ताणली, आणि सहज पट्टी परत लावून दातांपासूनचं अंतर मोजलं. ११ सेंटिमीटर. पुस्तिकेत पाच ते सहा लिहिलंय. चेन ताणली की बूमचं टोक पुढे सरकतं, पट्टी जागेवरच राहते, आणि दर वेळी मधली फट वाढत जाते. चेन मी तोवर तीनदा ताणली होती, पट्टी एकदाही सरकवली नव्हती. ती चूक माझी. पण पट्टी सरकवायला सलग खाच नाही, चार-चार सेंटिमीटरवर तीन भोकं आहेत. एका भोकात फट सात येते, पुढच्यात तीन. सातवर माती राहते. तीनवर मुठीएवढा दगड दात आणि पट्टी यांच्यात अडकतो. मी तीनवर ठेवली होती. गुरुवारी तसाच दगड अडकला.

तुटलेला बोल्ट हातात घेऊन पाहिला. माथा गुळगुळीत, मजबुतीचा आकडा कुठेच नाही. चांगल्या बोल्टच्या माथ्यावर ८.८ किंवा १०.९ असं कोरलेलं असतं. सर्व्हिसवाला म्हणाला, तो मुद्दामच कच्चा ठेवलाय, मशीन वाचावं म्हणून. असा बोल्ट असतो हे मला मान्य आहे. पण मग पुस्तिकेत तसं लिहायला हवं, सोबत दोन जास्तीचे द्यायला हवेत, आणि तो तुटल्यावर पट्टी चेनपासून लांब पडायला हवी. इथे ती चेनमध्येच पडते. मशीन कसलं वाचलं?

आता बाकीचं पटापट सांगते. कपासारखे दात मातीसाठीच. घट्ट मुरमात ते दोन दिवसांत बोथट झाले, कार्बाइडचे (फार कठीण, सहज न झिजणारे) टोकदार दात लावल्यावर काम पुढे सरकलं, तरी वेग निम्म्याहून कमी. जिथे खाली सुटे मोठे दगड होते तिथे मी हट्टाने दोन दिवस मशीन झगडवलं आणि ३० मीटर काढले. शेवटी उरलेल्या ६० मीटरसाठी ३० सेंटिमीटर बकेटचा मिनी एक्स्कॅव्हेटर (खोदायचं छोटं मशीन) भाड्याने आणला. त्याने ते एका दिवसात उरकलं, दगड उचलून बाजूला ठेवत. हे मला आधी कळायला हवं होतं, आणि कळण्याची सोय पहारीइतकी साधी आहे: लाइन टाकायच्या वाटेवर दर २० मीटरला चराच्या खोलीपर्यंत एक खड्डा घेऊन बघायचं. ते खड्डे पाहून मशीन ठरवा. ओल्या चिकणमातीत चेन आणि स्क्रू दोन्ही बरबटतात. मातीचा गोळा दाबल्यावर फुटायला लागेल, तेव्हाच खोदायला घ्या.

मशीनची चाकं उंचवट्यावर चढली की बूमही चढतो, म्हणजे वरचा उंचसखलपणा तळात उतरतो. फावड्याने वाट आधी सारखी करून घेतली की निम्मं काम सोपं होतं. वळण मात्र जमत नाही. बूम जमिनीत असताना मशीन पिळलं तर चेन उतरते. काटकोन हवा असेल तर दोन चर एकमेकांना छेदून काढायचे.

अरुंद चरात माणूस उतरू शकत नाही. कड अंगावर ढासळायची भीती नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. पण जोड खाली बसून करता येत नाहीत. पीव्हीसीचे सहा मीटरचे नळ वरच चिकटवले, जोडाचं सॉल्व्हंट सिमेंट (पीव्हीसी चिकटवायचा गोंद) पुरेसं सुकू दिलं आणि दोरीने एका टोकाकडून हळूहळू सोडले. नळ नागमोडी ठेवायचे आणि माती सकाळच्या गारव्यात लोटायची, कारण तापमान २० अंशांनी बदललं की १०० मीटर पीव्हीसी सुमारे १२ ते १४ सेंटिमीटर लांबतं किंवा आखडतं. दाब देऊन गळती तपासेपर्यंत जोड उघडे ठेवले. टी (तीन तोंडांचा जोड) आणि व्हॉल्व्हच्या जागी चर हाताने गुडघे टेकता येतील इतका रुंद केला. आता पुन्हा करायचं झालं, तर या चरात गुंडाळीचा एचडीपीई (वाकणाऱ्या प्लास्टिकचा) पाइपच टाकेन.

एक गोष्ट कळकळीने सांगते. हँडलवरचा लिव्हर सोडला की चेन थांबते. हात दुखतो म्हणून तो दोरीने बांधून ठेवणारे लोक मी पाहिले आहेत. कृपा करून बांधू नका. आणि जमिनीखालून विजेची केबल किंवा दुसरी लाइन जाते का, हे खोदण्याआधी विचारून घ्या. चेनला माती आणि केबल सारखीच.

चेनची कडी आणि दात मी स्वखर्चाने बदलले, वाद अजून मिटलेला नाही. वेल्डिंगवाल्याकडून नवी पट्टी करून घेतली. तीन भोकांऐवजी १२ सेंटिमीटरची सलग खाच, दोन बोल्ट, दोन्ही ८.८ चे, लॉकनटसकट. बोल्ट निघाला तरी पट्टी मागे पडावी म्हणून वरच्या चौकटीला साखळीचा तुकडा बांधलाय. चेन ताणली की लगेच फट मोजायची आणि साडेपाचवर आणायची, हे मशीनच्या टाकीवर रंगाने लिहून ठेवलंय.

काल संध्याकाळी उरलेल्या लाइनीतले १२ मीटर काढले आणि काठी सहा ठिकाणी सोडली. ७४, ७५, ७३, ७४, ७५, ७४. दाबूनही ती खाली गेली नाही.