जुन्या करिझ्माचे पार्ट: नवे की उतरवलेले?

मेव्हण्याकडे २००६ ची हिरो होंडा करिझ्मा मोटारसायकल आहे, २२३ सीसीची. दिवाळीनंतर सापुताऱ्याला न्यायची म्हणून घरीच पाने-पकड घेऊन दुरुस्तीला बसलाय. नवे ओरिजिनल पार्ट मागवू, की भंगारात गेलेल्या गाडीचे उतरवलेले शोधू?

किमतीत उतरवलेला माल स्वस्त, वादच नाही. टिकण्याचं मात्र पार्टागणिक बदलतं. टाकीचं झाकण, फेअरिंग (पुढचं प्लास्टिकचं आवरण), हँडल, फूटरेस्ट जुने चालतात. तडा आणि वाकलेपण तेवढं बघा. रबर मात्र न वापरताही कडक होतं. ऑइल सील, ब्रेक होज, कार्बोरेटरचा डायफ्रॅम (आतला रबरी पडदा) जुना घेतलात तर कसाऱ्याच्या घाटात रडाल. ब्रेक शू, बेअरिंग नवेच. चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट (चेनची दातेरी चाकं) एकदमच बदला. झिजलेलं स्प्रॉकेट नवी चेनही लवकर खातं.

कष्ट? नव्यासाठी पार्ट नंबर देऊन वाट बघायची. जुन्यासाठी नाशकातली द्वारका-भद्रकाली पालथी घालायची, शिवाय परतीची हमी नाही. (मी एकदा दुसऱ्याच गाडीची क्लच केबल घेऊन आलो होतो. जुनी सोबत न्या!)

गाडी गावातच फिरवणार असाल तर बॉडीचे पार्ट उतरवलेले घ्या. मेव्हण्यासारखं सामान लादून घाट चढायचा असेल, तर ब्रेक, चेन आणि रबर नवंच.