केळीच्या गावात पीच: जळगावातील एका फळदुकानाचा अनुभव

जळगाव जिल्ह्यात फळ पिकवणे म्हणजे केळी पिकवणे, आणि त्या बाबतीत इथल्या माणसाला शिकवायला सहसा कोणी जात नाही. रावेर-यावलकडचा हिरवा घड वखारीत जातो, फळ पिकवणाऱ्या इथिलीन वायूची मात्रा मिळाली की काही दिवसांत पिवळा होऊन बाहेर येतो आणि गोडही लागतो, कारण कच्च्या केळातील पिष्टाची पिकताना साखर होते. हाच हिशेब मी अनेक वर्षे पीचला लावत आलो आणि दरवर्षी फसत आलो. लालचुटूक, टणक फळे आणायची, तांदळाच्या डब्यात पुरायची आणि चार दिवसांनी मऊ पण पाणचट फोड खाऊन ‘आपल्याकडे चांगले पीच येतच नाही’ असा निकाल देऊन मोकळे व्हायचे, असा आमच्या घरचा शिरस्ता होता. यंदा जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात रिंग रोडलगतच्या एका छोट्या फळदुकानातून तीनदा खरेदी केली आणि तो निकाल मला मागे घ्यावा लागला.

दुकान दिसायला साधे आहे. पुढे केळी आणि पपई, आत एका लाकडी फळीवर सफरचंद, आलुबुखार आणि पीच. मी सवयीप्रमाणे सर्वांत लाल फळ उचलून अंगठ्याने दाबायला गेलो, तेव्हा दुकानदाराने ते हळूच माझ्या हातातून काढून घेतले. ‘भाऊ, लाली पाहू नका, देठाकडे पाहा,’ असे म्हणून त्याने दोन फळे तळहातावर उलटी धरली. गालावरची लाली दोन्हींवर सारखीच होती. पण एकाच्या देठाच्या खळग्याभोवती पोपटी झाक होती, तर दुसऱ्याच्या खळग्याभोवती लोण्यासारखा पिवळा रंग उतरला होता. लाली ही फळाच्या जातीवर आणि झाडावर त्याला मिळालेल्या उन्हावर अवलंबून असते, तिचा पक्वतेशी फारसा संबंध नसतो. मूळ रंगातील हिरवेपणा गेला आहे की नाही, हीच खरी खूण. पिवळ्या फळाचे खांदे भरलेले होते आणि देठाजवळ नाक नेल्यावर स्पष्ट गोड वास आला. हिरवट फळाला वासच नव्हता. अंगठ्याने दाबू न देण्याचे कारणही पटण्यासारखे होते, कारण पीचवरचा दाब लगेच दिसत नाही, दुसऱ्या दिवशी तिथला गर तपकिरी पडतो आणि त्याचा भुर्दंड पुढच्या गिऱ्हाइकाला बसतो.

केळीचा हिशेब इथे का चुकतो, ते घरी आल्यावर लक्षात आले. पीच झाडावरून उतरल्यावरही पिकते, म्हणजे मऊ होते, त्याचा वास खुलतो, आंबटपणा थोडा उतरतो. परंतु तोडणीच्या वेळी त्याच्यात पिष्ट जवळजवळ नसतेच, त्यामुळे नंतर साखर वाढायला काही शिल्लक नसते. हिरवट तोडलेले फळ कितीही दिवस ठेवले तरी ते फक्त मऊ होते. म्हणून पीचच्या बाबतीत सारी मदार खरेदीवर आहे, आणि दुकानदार प्रामाणिक नसेल तर घरची कोणतीही युक्ती उपयोगी पडत नाही.

या दुकानाची मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे फळ कधी खाणार, हे विचारल्याशिवाय ते तोलले जात नाही. दोन किलो मागितल्यावर त्याने आज खायची, परवा खायची आणि चार दिवसांनी खायची, अशा तीन वेगळ्या कागदी पिशव्या केल्या आणि प्रत्येकीवर पेनाने दिवस लिहिला. भाव 250 रुपये किलो होता. हातगाडीवर त्याहून स्वस्त मिळते, पण तिथे निवड करू देत नाहीत, त्यामुळे हा फरक मला जड वाटला नाही.

साठवणीबाबत त्याने दिलेली सूचना मी मुद्दाम अर्धीच पाळली. टणक फळे फ्रिजमध्ये ठेवू नका, देठाची बाजू खाली करून कागदावर एकेरी मांडा, आढीसारखा ढीग करू नका, असे त्याचे सांगणे होते. त्याप्रमाणे बहुतेक फळे स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवली आणि दोन टणक फळे फ्रिजमध्ये टाकली. ओट्यावरची तिसऱ्या दिवशी देठाजवळ किंचित दबू लागली आणि सकाळी स्वयंपाकघरात शिरताच वास येऊ लागला. फ्रिजमधली दोन मात्र आठवड्यानंतर बाहेर काढून ठेवली तेव्हा वरून तजेलदार आणि आतून कोरडी, पिठूळ निघाली. कोयीभोवतीचा गर तपकिरी झाला होता आणि फोड चावताना ओला कापूस तोंडात आल्यासारखे वाटले. साधारण 2 ते 8 अंश तापमानात कच्च्या पीचला अशी थंडी बाधते, आणि आपला घरचा फ्रिज नेमका त्याच टप्प्यात चालतो. केळे फ्रिजमध्ये काळे पडते, हे आपल्याकडे पोरासोरांनाही ठाऊक आहे. पीच रंग बदलत नाही, म्हणून त्याची लबाडी उशिरा कळते. पूर्ण पिकलेले फळ मात्र दोन-तीन दिवस फ्रिजमध्ये चांगले राहते. घाई असेल तर कागदी पिशवीत एखादे पिकते केळे सोबत ठेवावे; इथिलीनसाठी जळगावकराने दुसरीकडे जाण्याची गरज नाही.

तक्रारी आहेतच. दुसऱ्या खेपेला गर्दीच्या वेळी त्याच्या मदतनिसाने खोक्याच्या तळाची फळे भरली आणि घरी आल्यावर चार फळांच्या बुडाला दडपल्याचे डाग दिसले. दुसऱ्या दिवशी सांगितल्यावर दुकानदाराने दोन बदलून दिली, दोन ‘चालायचेच’ म्हणून माझ्याच पदरात टाकली. शिवाय लव नसलेले नेक्टरीन तो पीच आणि आलुबुखार यांचे कलम म्हणून जादा भावाने विकतो. नेक्टरीन हे पीचच आहे, केवळ एका जनुकाच्या फरकामुळे त्याच्या सालीवर लव येत नाही. चवीला ते छान होते. ही कथा ऐकली नसती तरी मी ते घेतलेच असते.

खाण्याबद्दल थोडे. फळ खाण्यापूर्वीच धुवावे आणि वाहत्या पाण्याखाली तळहाताने लव चोळून काढावी, नाहीतर ओठांना खाज येते. फ्रिजमधले असेल तर अर्धा तास बाहेर ठेवावे, थंड पीचचा वास मिटलेला असतो. साल नको असल्यास उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट बुडवून लगेच गार पाण्यात टाकावे, म्हणजे ती बोटाने निघते. शिकरणीचा प्रयोग फसला, कारण आंबटपणाने दूध फुटले. चक्क्यात वेलदोडा आणि बारीक फोडी घालून केलेले श्रीखंड मात्र आईने दोनदा मागून घेतले. जी फळे थोडी कमी गोड निघाली, ती मीठ आणि तिखट लावून संपली. कोय फोडून आतले बी बदामासारखे खाण्याचा मोह मुलांना होतो, तो मोडून काढावा. त्यात अमिग्डालिन असते आणि त्यापासून पोटात सायनाइड तयार होते.

एप्रिल-मे महिन्यांत पंजाबच्या मैदानी भागातील शान-ए-पंजाबसारख्या लवकर येणाऱ्या जातींचे फळही या दुकानात असते म्हणे, पण त्या दिवसांत जळगावचा पारा 44 अंशांच्या घरात असतो आणि घरात आंबा असतो, त्यामुळे मी तिकडे वळलो नाही. जुलैचा माल हिमाचलचा. सिरमौर जिल्ह्यातील राजगड परिसर पीचसाठी नावाजलेला आहे आणि जुलै एल्बर्टा ही तिकडची ओळखीची जात. माल मंगळवारी आणि शुक्रवारी पहाटे उतरतो. त्या दिवशी सकाळी दहाच्या आत गेल्यास दुकानदार स्वतः फळ निवडून देतो. संध्याकाळी मदतनीस असतो आणि खोक्याचा तळ.