नऊ ओळी चालतील म्हणे! कोड तपासणाऱ्या सर्व्हिसचा रिव्ह्यू

आपला कोड कुठून उचललेला तर नाही ना, हे शोधून देणारी एक ऑनलाइन सर्व्हिस टीमसाठी दोन महिने वापरली. नाव लिहीत नाही, सपोर्टवाल्यांशी अजून वाद चालूये. 5 पैकी अडीच स्टार.

आधी चांगलं सांगतो. आमच्या एका ज्युनियरने तारखा वाचून समजून घेणारी अख्खी फाइल कुठूनतरी आणलेली, वरची लायसन्सची कमेंट (कोडमधली माणसांसाठीची टीप) उडवून आणि व्हेरिएबलची नावं बदलून, तरी या सर्व्हिसने बरोब्बर पकडली, मूळ प्रोजेक्ट आणि जीपीएल (कोड वाटून घ्यायच्या अटी घालणारं ओपन सोर्स लायसन्स) सकट. इथे पैसे वसूल.

पण बाकी रिपोर्ट म्हणजे डोक्याला ताप. दोन व्हेरिएबलची अदलाबदल, ए टेम्पमध्ये, बी एमध्ये, टेम्प बीमध्ये, झालं, 3 ओळी. त्यावर लाल ठिपका, "100% मॅच, कॉपीराइट धोका". अरे मॅच होणारच, वेगळं लिहिणार काय! एखादं काम करायच्या पद्धतीच एकदोन असतील तर त्या लिखाणावर कुणाची मालकी लागत नाही. प्रिंटर बनवणाऱ्या लेक्समार्कच्या टोनर कार्ट्रिजमधल्या 55 बाइटच्या प्रोग्रॅमचं हेच झालं, त्याची नक्कल करणाऱ्या कंपनीविरुद्ध लेक्समार्कला मिळालेला मनाईहुकूम 2004 मध्ये अमेरिकेच्या अपील कोर्टाने उठवला.

सपोर्टला लिहिलं तर उत्तर काय, तर सेटिंगमध्ये मॅच धरायची मर्यादा किमान 10 ओळी करा, त्याखालचं सगळं सेफ. हे तर त्याहून वाईट! ओरॅकल विरुद्ध गुगल या कॉपीराइटच्या खटल्यात गुगलने उचललेलं रेंजचेक फंक्शन (कोडचा छोटा तुकडा) 9 ओळींचं होतं, जजसाहेब स्वतः प्रोग्रॅमिंग करणारे, असलं आपण शंभरदा लिहिलंय म्हणाले, तरी 2012 मध्ये ज्युरीने उल्लंघन धरलंच. युरोपच्या कोर्टाने तर 2009 मध्ये बातमीतल्या 11 शब्दांच्या तुकड्यालाही संरक्षण मिळू शकतं म्हटलं, लेखकाची स्वतःची निर्मिती त्यात दिसली तर. म्हणजे ओळी मोजून भागत नाही, लिहिणाऱ्याने स्वतःचं असं काय निवडलं ते बघावं लागतं, आणि हे टूल तर तपासायच्या आधी सगळ्या कमेंट्सच काढून टाकतं! आमच्या एका फाइलमध्ये खरं डोकं लावून लिहिलेली गोष्ट म्हणजे वरची 4 ओळींची खवचट कमेंट होती.

अजून एक. ग्नू या फ्री सॉफ्टवेअरच्या प्रोजेक्टमध्ये साधारण 15 ओळींच्या आतला बदल कॉपीराइटच्या दृष्टीने किरकोळ धरतात, पण एकाच माणसाचे छोटे छोटे बदल साठत गेले तर त्यांची बेरीज धरा असंही सांगतात. इथे बेरीज नावाचा प्रकारच नाही, प्रत्येक कमिट (एका वेळी साठवलेला बदल) सुटा. हे फीचर द्या म्हणून तिकीट टाकलंय, त्यांनी ते "डुप्लिकेट" म्हणून बंद केलं.