लेव्हेटिरासिटाम की लॅमोट्रिजिन: दोन्ही गोळ्या घेऊन पाहिलेल्याचं मत

फिटचं निदान झालं, ईईजी (मेंदूतल्या विद्युतलहरींची नोंद) आणि एमआरआय होऊन गेले, आणि डॉक्टरांनी दोन नावं पुढे ठेवून "दोन्ही चालतील, विचार करून सांगा" म्हटलं, अशा अवस्थेत जे आहेत त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. मी आधी एकवीस महिने लेव्हेटिरासिटाम घेतली. नंतर लॅमोट्रिजिनवर आलो, त्याला आता चार वर्षं होतील. मी डॉक्टर नाही. रोज सकाळ-संध्याकाळ गोळी घेणारा माणूस आहे, आणि त्या नात्यानं जे कळलं तेवढंच सांगतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. माझा अपस्मार फोकल, म्हणजे मेंदूच्या एका भागातून सुरू होणारा आहे. पोटातून काहीतरी वर चढल्यासारखं होतं, मग मिनिटभर मी समोरच्याकडे नुसता बघत राहतो, ओठ चावल्यासारखे हलतात, आणि नंतर त्यातलं काही आठवत नाही. झोपेत पूर्ण अंगाची आकडी दोनदा येऊन गेली. प्रकार सांगायचं कारण असं की तो बदलला की या तुलनेचा निकालही बदलतो. सकाळी उठल्या उठल्या हाताला झटके बसून हातातला कप सुटतो, अशा मायोक्लोनिक प्रकारात लॅमोट्रिजिननं कधी कधी झटके वाढतात. तसं ज्यांना होतं त्यांनी पुढचं सगळं वाचलं तरी निर्णय माझ्या अनुभवावर घेऊ नये.

फिट थांबवण्यात कोण पुढे, हा पहिला प्रश्न सगळ्यांच्याच मनात येतो. माझ्यापुरतं सांगायचं तर दोन्हींनी थांबवल्या. मोठ्या अभ्यासांचं म्हणाल तर ब्रिटनमध्ये नव्यानं निदान झालेल्या ९९० फोकल रुग्णांवर या दोन आणि आणखी एका औषधाची तुलना झाली, तिचा निकाल २०२१ मध्ये आला. वर्षभर फिटमुक्त राहण्याच्या बाबतीत लेव्हेटिरासिटाम लॅमोट्रिजिनच्या बरोबरीची आहे असं त्यात सिद्ध होऊ शकलं नाही. दुष्परिणाम लॅमोट्रिजिन सुरू केलेल्यांपैकी ३३ टक्क्यांनी सांगितले, लेव्हेटिरासिटाम सुरू केलेल्यांपैकी ४४ टक्क्यांनी. हे आकडे मला औषध बदलल्यानंतर वाचायला मिळाले. वाचून बरं वाटलं, पण माझा निर्णय त्यांच्यामुळे झाला नव्हता.

लेव्हेटिरासिटामचे गुण मी मनापासून मान्य करतो. पहिला आणि सगळ्यात मोठा गुण म्हणजे ती थांबायला लावत नाही. आठवड्याला दोन-दोन फिट येत असताना "दीड-दोन महिने थांबा, मग नीट असर दिसेल" हे ऐकणं फार जड जातं. ही गोळी पहिल्याच दिवसापासून कामाच्या डोसच्या जवळ सुरू करता येते. मला ५०० मिलिग्रॅम सकाळी आणि ५०० रात्री अशी दिली, महिन्याभरानं रात्रीची १००० केली. पहिल्या आठवड्यातच फिट थांबल्या. दुसरा गुण असा की ती दुसऱ्या औषधांच्या वाटेला फारशी जात नाही. बराचसा भाग मूत्रपिंडातून जसाच्या तसा बाहेर पडतो, यकृतावर भार नाही. ज्यांना रक्तदाबाच्या, हृदयाच्या, आणखी कशाकशाच्या गोळ्या आधीपासून चालू आहेत त्यांच्यासाठी हे फार सोयीचं आहे. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र डोस त्याप्रमाणे कमी करावा लागतो, म्हणून क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाचं काम दाखवणाऱ्या रक्त तपासणीचा) रिपोर्ट डॉक्टरांना आधीच दाखवावा.

सुरुवातीला झोप येते, अंग जड वाटतं. ते महिन्याभरात सरलं. जे सरलं नाही ते सांगतो.

चिडचिड होईल असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, गोळीच्या पाकिटातल्या कागदावरही होतं. पण 'चिडचिड' या शब्दावरून मी समजलो होतो की दमल्यावर होते तशी होईल. ही वेगळीच होती. राग येण्याआधी जी एक पायरी असते, जिथे माणूस स्वतःला सावरतो, ती पायरीच गेल्यासारखं झालं होतं. माझ्या मुलीच्या पत्र्याच्या कंपासपेटीचं झाकण लावताना 'टक्' असा आवाज व्हायचा. अभ्यासाला बसली की तासाभरात पंधरा-वीस वेळा तो आवाज. एके संध्याकाळी मी तिच्यावर असा ओरडलो की तिच्या हातातली पेन्सिल खाली पडली. पाच मिनिटांनी मलाच कळेना की झालं काय. माफी मागितली. चार दिवसांनी पुन्हा तेच झालं.

घरच्यांनी ते ताणावर घातलं, मीही घातलं. नव्या आजाराचं ओझं आहे, होईल हळूहळू कमी, असं म्हणत आठ-दहा महिने गेले. मग एकदा मुलगी आईला हळूच विचारताना ऐकलं, "आई, बाबांशी आत्ता बोललं तर चालेल का?" आणि त्याच आठवड्यात तिच्या दप्तरातून काहीतरी काढताना ती कंपासपेटी हाताशी आली. झाकणाच्या आतल्या कडेला तिनं रुमालाची पट्टी चिकटपट्टीनं लावून ठेवली होती. आवाज होऊ नये म्हणून.

माझ्यासाठी तुलना तिथेच संपली. फिट थांबल्या होत्या, रक्त तपासणी स्वच्छ होती, डॉक्टरांच्या कागदावर सगळं उत्तम चाललं होतं, आणि घरात एक मूल आवाज न करता जगायला शिकत होतं.

हे सगळ्यांना होत नाही, हे तितक्याच प्रामाणिकपणे सांगायला हवं. माझ्या ओळखीतले एक काका गेली सहा वर्षं हीच गोळी घेत आहेत आणि त्यांच्या स्वभावात रतीभर फरक नाही. काहींना डॉक्टर सोबत बी-६ जीवनसत्त्व देतात, मलाही दिलं होतं. मला तरी त्यानं फरक पडला नाही, कुणाला पडत असेल. आधीपासून उदास वाटत असेल किंवा रागाचा त्रास असेल तर ते निवड करण्यापूर्वीच सांगावं. आणि कुठलीही फिटची गोळी चालू असताना मन अगदीच काळवंडलं, जगू नये असं वाटू लागलं, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावं. गोळी मात्र स्वतःच्या मनानं बंद करू नये, कारण एकदम थांबवली तर एकामागून एक फिट येऊ शकतात.

आता लॅमोट्रिजिन. हिचा तापदायक भाग सगळा सुरुवातीला आहे, आणि तो खरोखर तापदायक आहे. सोबत हिच्यावर परिणाम करणारं दुसरं फिटचं औषध नसेल तर पहिले दोन आठवडे रोज फक्त २५ मिलिग्रॅम, पुढचे दोन आठवडे ५०, आणि मग दर एक-दोन आठवड्यांनी एकेक पायरी वर. सोडियम व्हॅल्प्रोएट हे फिटचंच दुसरं औषध चालू असेल तर याहून निम्म्या गतीनं, कारण व्हॅल्प्रोएटमुळे लॅमोट्रिजिन शरीरात दुप्पट वेळ टिकते. उलट कार्बामाझेपिन किंवा फेनिटॉइन ही फिटची औषधं असतील तर ती लवकर निघून जाते, मग हिशोब वेगळा. म्हणून दुसऱ्याच्या चिठ्ठीवरचा डोस बघून आपला ठरवू नये.

इतकं सावकाश कशासाठी, तर पुरळासाठी. घाईनं डोस वाढवला तर अंगावर गंभीर पुरळ उठण्याची शक्यता वाढते. मोठ्या माणसांत ते हजारात तिघांच्या आसपास आढळलं आहे, मुलांत त्याहून जास्त, आणि बहुतेक वेळा दोन ते आठ आठवड्यांच्या मुदतीत. ताप, तोंडात फोड, डोळे लाल होणे, मानेच्या गाठी सुजणे, कातडी सोलवटणे यातलं काही पुरळासोबत दिसलं तर थेट इस्पितळ गाठायचं. मला सांगितलं होतं की या दोन महिन्यांत नवा साबण, नवं क्रीम, नवं औषध काही सुरू करू नका, म्हणजे पुरळ उठलंच तर ते कशाचं यावर डोकं खाजवत बसावं लागणार नाही. पाचव्या आठवड्यात कोपराच्या आत लाल ठिपके दिसले. रात्री साडेदहाला फोटो काढून डॉक्टरांना पाठवला, सकाळी दाखवायला गेलो. घामोळं निघालं. पण ती रात्र मी दर तासाला दिवा लावून हात बघत काढली. लेव्हेटिरासिटामवरही क्वचित गंभीर पुरळ येतं, त्यामुळे तिथे धोका शून्य आहे असं नाही. पण तिथे ही पायऱ्यांची शिस्त नाही, आणि ही धाकधूकही नाही.

बदल करताना माझी जुनी गोळी पूर्ण डोसवर ठेवून नवी हळूहळू चढवली. नवी १०० सकाळी आणि १०० रात्री अशी स्थिर झाल्यावर जुनी दर दोन आठवड्यांनी २५० नं उतरवत नेली. सगळं मिळून पाच महिने गेले. त्या काळात मी गाडीला हात लावला नाही, उंचावर चढलो नाही, न्हाणीघराची कडी लावली नाही. शेवटच्या टप्प्यात एकदा पोटातून चढल्यासारखं होऊन विरलं, पुढे काही आलं नाही. चिडचिड उतरायला मात्र जुनी गोळी अर्ध्यावर आल्यावरच सुरुवात झाली. बदल केला की पंधरा दिवसांत माणूस पूर्वीसारखा होतो अशी आशा कुणी धरू नये.

लॅमोट्रिजिननं मला दिलेला त्रास म्हणजे झोपेचा. रात्री उशिरा गोळी घेतली तर डोळा लागत नाही, स्वप्नं फार ठसठशीत पडतात. संध्याकाळी सातला घ्यायला लागल्यापासून ते आटोक्यात आहे. डोस चढत असताना काही दिवस गोळीनंतर तासाभरानं अक्षरं दुहेरी दिसायची. डोस विभागून घेतल्यावर थांबलं. मन सावरण्यासाठीही ही गोळी वापरतात, अमेरिकेत २००३ पासून बायपोलर आजारात (मन कधी अती उल्हासात, कधी खोल उदासीत जातं तो) तिला मान्यता आहे. हृदयाचा आजार असेल तर मात्र ही गोळी सुरू करण्यापूर्वी तो सांगायलाच हवा.

गोळी चुकण्याचं गणित दोन्हींत वेगळं आहे आणि ते मला फार उशिरा कळलं. लेव्हेटिरासिटाम सहा ते आठ तासांत निम्मी होते. सकाळची विसरली की संध्याकाळपर्यंत अंगात फार थोडी उरते. माझी एकवीस महिन्यांतली एकुलती एक फिट अशीच प्रवासात गोळी राहिल्यामुळे आली. लॅमोट्रिजिन निम्मी व्हायला दिवसभर किंवा जास्त लागतो, एखादा डोस उशिरा झाला तर तेवढं निभावतं. पण हिची दुसरी अट कडक आहे. पाचेक दिवसांहून जास्त खंड पडला तर पूर्वीच्या डोसवर उडी मारायची नाही, पुन्हा २५ पासून चढायचं, नाहीतर पुरळाचा धोका पुन्हा उभा राहतो. म्हणजे पाकीट संपू देणं हिला परवडत नाही. मी पंधरा दिवसांच्या गोळ्या कायम वेगळ्या ठेवतो. एका कंपनीची गोळी लागू पडली असेल तर शक्यतो तीच घेतो. लेव्हेटिरासिटामच्या बाबतीत कंपनी बदलल्याची काळजी तुलनेनं कमी, लॅमोट्रिजिनमध्ये डॉक्टरांना विचारून बदलावी.

स्त्रियांसाठी हिशोब आणखी वेगळा. गर्भारपणात व्हॅल्प्रोएटच्या तुलनेत या दोन्ही गोळ्या कितीतरी सुरक्षित मानल्या जातात. पण त्या काळात दोन्हींचं रक्तातलं प्रमाण उतरतं, लॅमोट्रिजिनचं तर बरंच, म्हणून ते मोजत राहून डोस वाढवावा लागतो आणि बाळंतपणानंतर लगेच उतरवावा लागतो. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनीही लॅमोट्रिजिनचं प्रमाण जवळपास निम्म्यावर येऊ शकतं. लेव्हेटिरासिटाममध्ये त्या गोळ्यांचा हा गुंता नाही. हा मुद्दा ज्यांच्यासाठी महत्त्वाचा आहे त्यांच्या बाबतीत पारडं लेव्हेटिरासिटामकडे झुकलं तर मला नवल वाटणार नाही.

फिट वरचेवर येत असतील, आजच थांबायला हव्या असतील, किंवा आधीच चार औषधं चालू असतील, तर लेव्हेटिरासिटामनं सुरुवात करण्यात शहाणपण आहे. मीही त्या दिवसांत तीच घेतली होती. पण फोकल फिट आहेत, त्या महिन्या-दोन महिन्यांनी एखादी अशा येतात, आणि घरात लहान मूल किंवा म्हातारे आईवडील आहेत, तर माझं मत लॅमोट्रिजिनकडे झुकतं. दोन महिने जीव मुठीत धरून पायऱ्या चढाव्या लागतात. त्यानंतर ती गोळी घेतो आहोत याची आठवण फक्त घड्याळच करून देतं.

लेव्हेटिरासिटाम घ्यायचं ठरलंच तर फिटच्या नोंदवहीत चिडचिडीचा दुसरा एक रकाना आखा, आणि तो स्वतः भरू नका. घरातल्या कुणाकडे तरी द्या. आमच्या वहीत तो बायकोनं नंतर आखला, मी मात्र माझ्या रकान्यात आठ-दहा महिने 'ठीक' लिहीत होतो.